डोळे उघडे असलेला फोटो

रुपराव डांगरे यांच्या हाताला एक खोड लागली होती. समोर माणूस आला की त्यांची दोन बोटं आपोआप त्याच्या हनुवटीखाली जायची. जरा डावीकडे, जरा वर, बस. लग्नाला महिना झाला नाही तोच त्यांच्या बायकोनं, सिंधूताईनं, तोंडावर सांगून टाकलं होतं, "माह्याशी बोलताना हनुवटीले हात लावायचा नाही. मी काही मयत नाही."

बाई काही उगाच बोलली नव्हती. सीताबर्डीवर कापडाच्या दुकानाच्या माडीवर रुपरावांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यांचं नाव होतं ते मयताच्या फोटोंसाठीच. ही गोष्ट सहासष्ट सालची. तेव्हा कितीतरी माणसांचा अख्खा जन्म एकही फोटो न काढता जायचा. माणूस गेला की मग घरच्यांना जाग यायची, अरे, आता भिंतीवर लावायचं काय? कोणीतरी सायकल हाणत बर्डी गाठायचं आणि रुपराव कॅमेऱ्याची पेटी, तिपाई, काळं कापड असा सगळा संसार सायकलरिक्षात घालून निघायचे. मयताला खुर्चीत बसवायचं, पाठीला उशी लावायची, टोपी नीट करायची आणि शेवटी हनुवटीखाली दोन बोटं. फोटो असा उतरायचा की रडणारी माणसं म्हणायची, आता बोलतीलच.

याचा त्यांना भारी अभिमान. पानठेल्यावर उभे राहून ते सांगायचे, "मयतासारखं गिऱ्हाईक नाही गा. हालत नाही, डुलत नाही, अन फोटो पसंत नाही असंबी म्हनत नाही." ऐकणारे हसायचे. रुपराव मात्र हसायचे नाहीत, कारण ते खरंच बोलत असायचे.

आता त्यांचा कॅमेरा. शेजारच्या नव्या स्टुडिओंत डोळे दिपवणारे दिवे आले होते, खटका दाबला की काम झालं. रुपरावांचा कारभार जुना. काळ्या कापडात डोकं घालून दुधी काचेवर समोरचा माणूस उलटा बघायचा, खाली डोकं वर पाय. मग काचेची प्लेट आत सरकवायची, भिंगावरची टोपी काढायची, तोंडानं 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि टोपी पुन्हा लावायची. या तीन आकड्यांत समोरच्यानं हलायचं नाही, एवढाच त्यांच्या धंद्याचा कायदा. मयत तो कायदा पाळतं. मोठी माणसं श्वास कोंडून पाळतात. दीड वर्षाचं पोर कशाला पाळेल?

म्हणून संक्रांत आली की रुपरावांना धंदा नकोसा वाटायचा. बोरन्हाण झालेली पोरं काळी झबली आणि हलव्याचे दागिने घालून फोटोला यायची. एका पोरानं, रुपराव 'दोन' म्हणेपर्यंत, स्वतःचा बाजूबंद खाल्ला होता. दुसऱ्यानं तिपाईचा पाय धरून सगळं लटांबर खाली ओढलं होतं. रुपराव दातओठ खात. पोरांचा राग पोरांवर काढता येत नाही, तो आईबापांवर निघायचा.

त्या वर्षी संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी दोन बायका जिना चढून आल्या. पुढे सासू, पंचफुला, साठीची, काटक, उन्हानं रापलेली. मागे सून जयवंता, आणि तिच्या कडेवर लहानू, जो कडेवर कमी आणि हवेत जास्त होता. जयवंताचा नवरा चंद्रभान खापरखेड्याच्या वीजघरात कोळशाच्या पाळीवर होता, तिथंच चाळीत त्यांचं बिऱ्हाड. जयवंता जवळच्या वावरांत तण काढायला, निंदणीला जायची, आणि ती कामावर गेली की लहानू आजीजवळ.

"तुमी आमच्या घरी आले होते," जयवंता म्हणाली. "माह्या पोरीचा फोटो काढाले. मंजीचा. तीन वर्सं झाले."

रुपरावांना आठवेना. तिनं पदराच्या गाठीतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. जयवंताच्याच मांडीवर सव्वा वर्षाची मुलगी. तेल लावून चापून बसवलेले केस, कपाळावर गंध, मिटलेले डोळे. मागं रुपरावांचा शिक्का. त्यांनी तो कारागिराच्या नजरेनं पाहिला आणि भाबडेपणानं म्हणाले, "मस्त उतरला हाय."

काय बोलावं माणसानं! पण जयवंताला राग आला नाही. ती म्हणाली, "हो. पन डोये मिटेल हायेत ना. रातच्यानं झोपली ते उठलीच नाही. आता तिचे डोये कसे होते, मले आठोतच नाही. किती आठोलं तरी हे मिटेलच दिसतात. म्हनून याचा डोये उघडे असलेला फोटो पायजे मले. काही झालं तर..."

"काही होत नाही वं," पंचफुला तिला तोडत म्हणाली. "तिले नजर लागली होती. याले मी काळा दोरा बांधला हाय."

रुपरावांनी लहानूला स्टुलावर ठेवलं, कापडात डोकं घातलं आणि दुधी काचेवर रिकामं स्टूल उलटं दिसलं. लहानू पडद्यावर रंगवलेल्या तळ्यातल्या हंसाला हात लावायला गेला होता. परत ठेवला. या खेपेस काचेवर पाय दिसले, डोकं नाही. पोर स्टुलावर उभं राहून नाचत होतं. तिसऱ्यांदा बसला, भिंगाकडे बघून चक्क हसला, रुपरावांनी घाईघाईनं टोपी काढली आणि 'एक' म्हणताच लहानू ती टोपी घ्यायला धावत सुटला. जयवंताला हसू आवरेना. पंचफुलाही हसत होती. रुपराव सोडून सगळी दुनिया हसत होती.

चार प्लेटा गेल्या. चौथ्या प्लेटेनंतर लहानूनं खुळखुळा भिंगावर नेम धरून फेकला. भिंग वाचलं, रुपरावांचा तोल मात्र गेला.

"पोरगं हाय का वानर? एक घडी शांत ठेवता येत नाही तुमाले? पुढच्या सोमवारी आना. कसंबी करा, पन शांत करून आना. हालला तर मी टोपीच काढनार नाही!"

"कसंबी म्हंजे?" पंचफुलानं विचारलं.

"कसंबी म्हंजे कसंबी. तुमच्या घरचं लेकरू, तुमाले ठाऊक."

म्हातारीला ते लागलं. "मले नको शिकवू गा. वावरात राबता राबता चार लेकरं वाढवले मी. शांत कसं ठेवाव, ते माह्यापाशी शिक."

पुढच्या सोमवारी ती शिकवायलाच आल्यासारखी जिना चढून आली. लहानू तिच्या खांद्यावर होता, मान टाकून, गप्प. जयवंताच्या मनाला ते थोडं खटकलं होतं. ती म्हणालीसुद्धा, "मोटारीत बसल्यापासून असाच हाय. झोप येऊन राहिली वाटते." पंचफुलानं नुसतं हसून त्याला स्टुलावर बसवलं आणि काय आश्चर्य, जिथं बसवला तिथंच तो बसून राहिला. हात मांडीवर. डोळे उघडे, थोडे जड. तळ्यातला हंस त्याच्या मागेच होता, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

रुपरावांना आभाळ ठेंगणं झालं. तीस वर्षांच्या धंद्यात असं पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. "वा माय! काय शिस्त लावली!" असं म्हणत त्यांनी प्लेट सरकवली, टोपी काढली, एक, दोन, तीन, अगदी ठासून म्हटलं आणि टोपी लावली. पोर पापणीभरही हललं नाही.

इथंच थांबले असते तर? पण एवढं चांगलं गिऱ्हाईक मिळाल्यावर कारागिराला लोभ सुटतो. डोळे जरा आणखी उघडावेत म्हणून त्यांनी खुळखुळा वाजवला. लहानूनं बघितलं नाही. त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्या हातून प्लेटेचं पत्र्याचं झाकण फरशीवर पडलं, केवढा तरी आवाज झाला, जयवंता दचकली, खालच्या दुकानातल्या माणसानं "काय झालं गा?" म्हणून हाक दिली. लहानू तसाच.

"जरा मान वर," असं स्वतःशीच म्हणत रुपराव पुढे झाले आणि त्यांची दोन बोटं सवयीनं त्याच्या हनुवटीखाली गेली. जरा डावीकडे, जरा वर.

मान तिथंच राहिली.

रुपरावांचा हात जागच्या जागी थिजला. त्यांच्या डोक्याला कळायच्या आधी बोटांना कळलं होतं. जिवंत पोर मान अशी ठेवल्या जागी ठेवत नाही. ते झटकतं, वळतं, बोट चावतं. ठेवलेली मान ठेवली तशीच राहते, ती एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाची. त्यांनी त्या चिमुकल्या छातीकडे पाहिलं आणि मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. छाती हलली नाही. चार, पाच, सहा. मग एक बारीक श्वास आला, विसरलेलं काहीतरी आठवावं तसा. पुन्हा काहीच नाही.

"पोराले काय देल्लं?" ते ओरडले. मयताच्या घरीही ज्यांचा आवाज चढत नसे, ते रुपराव असे ओरडले की जयवंता धावत स्टुलापाशी आली. "काय देल्लं याले, माय?"

पंचफुला गोंधळली. शाबासकीच्या जागी हे काय आलं, तिला समजेना. "गोळी," ती म्हणाली. "अफूची. सारेच देतात. तूच म्हटलं ना गा, शांत करून आन म्हनून. हालला नाही पायजे म्हनून दुप्पट देल्ली."

स्टुडिओ उघडा टाकून रुपराव पोराला छातीशी धरून जिना उतरले. पायात चप्पल नव्हती, हे त्यांना रात्री समजलं. रिक्षावाल्यानं दोघी बायकांना आणि पोराला बसवलं आणि चढावावर रुपराव मागून रिक्षा ढकलत धावले. जयवंता लहानूला हलवत होती, त्याच्या गालावर चापट्या मारत होती, "डोये उघड रे, डोये उघड माह्या राजा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बर्डीवरची माणसं वळून बघत होती. आणि रुपरावांच्या कानात मात्र त्यांचंच वाक्य वाजत होतं, कसंबी म्हंजे कसंबी.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पापण्या वर करून बत्तीचा उजेड पाडला. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. नळी घातली, सुई दिली, तळपायांवर टिचक्या मारत राहायला सांगितलं, झोपू म्हणून द्यायचं नाही. जयवंता टिचक्या मारत राहिली. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत पंचफुलाला विचारत होत्या, किती दिली, कधी दिली, रोज देता का.

म्हातारी आता घाबरली होती, पण तिच्या लेखी ती अजून चुकलेली नव्हती. "रोज राईएवढी देतो बाई. आज दोन देल्ल्या. वावरात कामाले जाच असलं तर लेकरू कोन पायते? माह्या मायनं मले देल्ली, मी माह्या लेकराइले देल्ली. मंजीलेबी देतच होती ना मी, ही निंदाले जाये तवा."

डॉक्टरीणबाईंचा हात कागदावर थांबला.

टिचक्यांचा आवाजही थांबला. जयवंतानं मान वर केली. तिचा आवाज अगदी साधा होता, चूल पेटवली का असं विचारावं तेवढा.

"आत्याबाई, मंजी गेली त्या दिशीबी?"

पंचफुला आठवायला लागली. तिचे डोळे कुठंतरी तीन वर्षं मागं गेलेले. दारात उभ्या असलेल्या रुपरावांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आयुष्यभर ते रडणाऱ्या घरांत गेले होते. पण घर असं डोळ्यांदेखत कोसळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जयवंता उठली, खाटेला वळसा घालून लहानू आणि म्हातारी यांच्या मधोमध येऊन बसली, आणि पुन्हा टिचक्या मारू लागली.

दिवेलागणीच्या सुमारास लहानूनं नर्सबाईच्या हातातला तांब्या लाथेनं उडवला आणि भोकाड पसरलं. आख्ख्या वॉर्डातली पोरं त्याच्या सुरात सूर मिसळून रडायला लागली. रुपराव भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडले.

चार दिवस त्यांनी स्टुडिओचं दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत जाऊन प्लेटा धुतल्या. आधीच्या चार प्लेटांवर नुसता गोंधळ होता. पाचवी त्यांच्या हातची सगळ्यात सुंदर प्लेट होती. झबल्याची वीण दिसत होती, पापण्यांचा केस न् केस मोजून घ्यावा. डोळे उघडे. त्यांनी तिचा एक फोटो कागदावर काढला आणि त्याच्याकडे त्यांना बघवेना.

पंधरा दिवसांनी जयवंता आली. चंद्रभानची सुटी होती, तो खाली पानठेल्यावर थांबला. लहानू पायावर चालत जिना चढला, म्हणजे दोनदा पडला. पंचफुला जिन्याच्या तळाशीच पायरीवर बसून राहिली, वरचं बोलणं तिथं ऐकू येत होतं. नातवाला तिनं हात लावायचा नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवावं लागलं नाही खरं तर, तिनंच लावणं सोडलं होतं.

रुपरावांनी ते चार फोटो खालमानेनं समोर ठेवले. एकात लहानूला तीन तोंडं होती. एकात नुसता पाय. तिसऱ्यात तो भिंगाकडे धावत येत होता, हात पुढे, तोंड हसरं, सगळा पुसट, आणि त्या पुसट चेहऱ्यात दोन काळे डोळे टक्क उघडे.

"अन त्या दिशीचा?" जयवंतानं विचारलं.

"तो खराब निघाला," रुपराव म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी आपली प्लेट खराब निघाली असं कधी कबूल केलं नव्हतं, खराब निघालेलीही नाही.

जयवंतानं चारही फोटो पुन्हा चाळले. मग तिनं तो धावत येणारा फोटो उचलला. "हाच पायजे मले. हालून राहिला ना यात." त्याचीच एक मोठी प्रत रुपरावांनी पुढं स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. येणारे जाणारे टिंगल करायचे, डांगरेबुवांचे हात कापायला लागले म्हणायचे. त्यांनी ती काढली नाही, आणि 'शांत बस' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकले नाहीत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी जयवंता लहानूला घेऊन खाली गेली, चंद्रभानबरोबर फुटाणे घ्यायला. जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. हळूहळू, एकेक पायरी. पंचफुला वर आली आणि दारातच उभी राहिली.

"खराब नाही निघाला ना गा तो?"

रुपरावांनी टेबलाचा अर्धा उघडा खण घाईनं लोटला.

"म्हाताऱ्या मानसाशी खोटं बोलू नको. दाखव."

त्यांनी खणातून फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला. पुष्कळ वेळ धरला. खालून लहानूच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"सात लेकरं झाले मले," ती म्हणाली. "चार वाढवले म्हनतो मी सार्‍या गावाले. तीन झोपेतच गेले. पहाटचं वावरात जाच म्हनून उठोले गेली, तं थंडगार. एक पोरगा, दोन पोरी. मी म्हटलं, देवानं नेले. चाळीस वर्सं देवाले दोष देल्ला." तिनं फोटोवरून अंगठा फिरवला. "त्या तिघाइचा फोटो नाही माह्यापाशी. हा मले दे."

"माय, हा तुमाले नाही देत," रुपराव म्हणाले. "शांत करून आना, हे मीच म्हटलं होतं. हे पाप माह्यं हाय. राहू द्या माह्यापाशी."

"तू नुसतं म्हटलं गा. गोळी मी देल्ली."

आणि तिची मान खाली गेली. रुपरावांची दोन बोटं सवयीनं पुढे झाली आणि तिच्या हनुवटीखाली जाऊन थांबली. ती हनुवटी थरथरत होती, थांबत नव्हती. रुपरावांनी ती वर केली नाही, सरळही केली नाही. नुसता हात तसाच धरून ते उभे राहिले, खालून जयवंताची हाक येईपर्यंत. मग त्यांनी तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हातारीच्या ओटीत ठेवला.